पाण्यातली म्हैस आणि पडद्यावरचे मोल

‘पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने गुरांच्या बाजारातले एक साधे पण मोलाचे सत्य सांगून ठेवले आहे. जे जनावर धड दिसलेले नाही, ज्याचे दात मोजलेले नाहीत, ज्याची चाल पारखलेली नाही, त्याचे मोल ठरविणे हा वेडेपणा होय. लातूर जिल्ह्यातील हाळी-हंडरगुळीचा गुरांचा बाजार किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. देवणी किंवा लाल कंधारी जातीची बैलजोडी घ्यावयास आलेला शेतकरी जनावराभोवती दहा फेऱ्या मारतो, त्याला चालवून पाहतो, बरोबरच्या चार जाणत्यांचे मत घेतो आणि मगच कनवटीला हात घालतो.

हाच शेतकरी, किंवा त्याचा शिकलेला मुलगा, आज किल्लारीत घरी बसून हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर म्हशीची, जुन्या ट्रॅक्टरची, मोटारसायकलची किंवा संगणकाची बोली करतो. माल राजस्थानात आहे की हरियाणात, किंबहुना तो मुळात आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. छायाचित्र सुरेख असते, किंमत बाजारभावाच्या निम्मी असते आणि पलीकडचा आवाज अत्यंत गोड असतो. सोयाबीनच्या पट्टीचे आलेले पैसे, पगारातून मागे टाकलेली शिल्लक किंवा मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम दहा मिनिटांत परमुलखात निघून जाते. म्हैस पाण्यातच राहते. नव्हे, पाणीही नसते आणि म्हैसही नसते.

अशा वेळी फसलेल्या माणसाला मूर्ख ठरवून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोयीची असली तरी न्याय्य नाही. लिलाव हा प्रकार मराठवाड्याला नवा नाही. ‘हर्रास’ हा शब्द येथे घरोघरी ठाऊक आहे. प्रश्न असा आहे की, अडत बाजारातील हर्राशीत जो माणूस सहसा लुबाडला जात नाही, तोच पडद्यावरच्या हर्राशीत इतक्या सहज का लुबाडला जावा?

हर्रास सचोटीची कशी झाली?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बाजारातील लिलाव एके काळी आजच्याइतका उघड नव्हता. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत आणि ज्याचा माल असे, त्या शेतकऱ्यालाच तो भाव शेवटपर्यंत कळत नसे. वजनात मारले जाई, नमुना म्हणून पसाभर माल काढून घेतला जाई, आणि पैशासाठी हेलपाटे घालावे लागत ते वेगळेच. त्या काळचा शेतकरी भोळा होता म्हणून हे घडत नव्हते. बाजाराची रचनाच तशी होती.

ती रचना कायद्याने बदलली. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात किल्लारी आणि सारा मराठवाडा मोडत होता, १९३० साली शेतमालाच्या बाजारांसाठी कायदा झाला. पुढे महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न पणनविषयक अधिनियम आला. बोली उघड असावी, वजन परवानाधारक मापाड्याने करावे, अडत्याला परवाना असावा, मालाचे पैसे विनाविलंब चुकते व्हावेत आणि तंटा उद्भवल्यास समितीकडे दाद मागता यावी, अशी बंधने घातली गेली. बाजार समित्यांचा कारभार निर्दोष आहे, असे कोणी म्हणणार नाही. तथापि शेतकऱ्याच्या हाती काही किमान आधार आले, हे नाकारता येणार नाही.

सारांश, हर्राशीवरचा विश्वास पाच गोष्टींवर उभा आहे. माल डोळ्यांसमोर असतो. बोली चारचौघांत होते. माप तिसऱ्याच्या हाती असते. पैसा आणि माल यांची अदलाबदल एकाच ठिकाणी होते. आणि तक्रार घेऊन जावयास एक दार असते. पडद्यावरच्या लिलावात या पाचांपैकी किती शिल्लक उरतात, हा खरा प्रश्न आहे.

मधला माणूस नाहीसा झाला

संगणकाच्या जाळ्यावर लिलावाचा एक बाजार अमेरिकेत १९९५ साली पिएर ओमिड्यार यांनी सुरू केला. पुढे ‘ईबे’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बाजारात विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर होता. तो मोडका असल्याचे विक्रेत्याने स्वच्छ सांगितले होते, आणि तरीही तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. वस्तूचा दोष न लपविणे हा त्या बाजाराचा पहिला पाठ होता, असे म्हणावयास हरकत नाही. भारतात २००० साली ‘बाझी’ नावाचे असेच लिलावाचे संकेतस्थळ निघाले. २००४ साली ते ईबेने विकत घेतले, आणि २०१८ साली भारतातील ईबे बंद पडले.

या भारतीय ईबेवर ‘पैसापे’ नावाची एक सोय होती. खरेदीदाराने भरलेली रक्कम थेट विक्रेत्याच्या खिशात न जाता मध्येच थांबविली जाई आणि माल पोचल्यावर ती पुढे सोडली जाई. बाजार समितीत जे काम अडत्या आणि मापाडी करतात, त्यातील काही अंश ही सोय करीत होती. आज प्रस्थापित मोठ्या विक्री-संकेतस्थळांवर माल परत करण्याची किंवा घरी आल्यावर पैसे देण्याची सोय पुष्कळदा असते. परंतु ज्या ठिकाणी जुन्या वस्तूंच्या जाहिराती लागतात, किंवा समाजमाध्यमांवरील गटांत ज्या बोली चालतात, तेथे बहुधा मध्ये कोणीच नसते. एका बाजूला अनोळखी विक्रेता, दुसऱ्या बाजूला उतावीळ खरेदीदार आणि दोघांच्या मधून क्षणार्धात वाहणारा पैसा, असे हे चित्र आहे. फसवणुकीचे मूळ मोबाइलमध्ये नाही. मधला माणूस नाहीसा होण्यात आहे.

फसवणुकीच्या ठरावीक वाटा

ठकसेनांच्या युक्त्या असंख्य वाटल्या तरी त्यांच्या वाटा मोजक्याच आहेत. पहिली वाट इसाऱ्याची. वाहन किंवा जनावर अर्ध्या किमतीत देऊ केले जाते. विक्रेता आपण लष्करात नोकरीस असून बदली झाल्यामुळे घाईने विकतो आहोत, असे सांगतो आणि ओळखपत्राचे छायाचित्र पाठवितो. गणवेशाविषयी आपल्या मनात असलेला आदर हे येथे हत्यार बनते. प्रथम थोडा इसारा, मग वाहतूक खर्च, मग विमा, मग ‘नंतर परत मिळणारी’ अनामत, अशी मागणी वाढत जाते. आधी भरलेले बुडू नये म्हणून माणूस आणखी भरतो. पहिल्या हजारासाठी पुढचे दहा हजार जातात.

दुसरी वाट विकणाऱ्यालाच लुटण्याची. किल्लारीतील एखाद्या कारकुनाने जुनी कपाटे विकावयास काढली, की ‘तुम्हांस पैसे पाठवितो, हे चौकोनी चिन्ह मोबाइलने टिपा आणि गुप्त अंक घाला’, असा निरोप येतो. येथे एकच नियम पक्का ध्यानात ठेवला पाहिजे. यूपीआयचा गुप्त अंक पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीही नसतो. जो कोणी पैसे ‘स्वीकारण्यासाठी’ अंक घालावयास सांगतो, तो ठकच असतो.

तिसरी वाट बनावट बोलीची. आपल्याच मालावर आपल्याच माणसांकडून बोली चढवून घेणे हा गावच्या लिलावातही अपरिचित नसलेला प्रकार पडद्यावर अधिकच सोपा होतो, कारण दहा नावांमागे एकच माणूस बसलेला असू शकतो. याचीच पुढची पायरी म्हणजे लिलाव हरलेल्याला नंतर येणारा खासगी निरोप : ‘ज्याची बोली लागली त्याने माघार घेतली; तुमच्या बोलीला माल देतो, मात्र पैसे थेट या खात्यावर भरा.’ लिलावाच्या चौकटीबाहेर पाऊल टाकावयास सांगणे, ही या साऱ्या प्रकारांतील समान खूण आहे. विक्रेत्याच्या नावापुढील प्रशस्तीवरही डोळे मिटून विसंबू नये. शे-पन्नास रुपयांच्या वस्तू सचोटीने विकून नाव मिळवावयाचे आणि मग एका मोठ्या व्यवहारात हात मारावयाचा, ही जुनी चाल आहे.

चारमिनारचा रुपया

चौथी वाट मराठवाड्याला विशेष जवळची आहे. येथील कित्येक जुन्या घरांत निजामी राजवटीतील हाली सिक्क्याची, चारमिनारचे चित्र असलेली नाणी अद्याप सांभाळून ठेवलेली आढळतात. ‘तुमच्याकडील जुन्या नाण्याला लिलावात लाखो रुपये मिळतील’, अशा जाहिराती समाजमाध्यमांवर झळकतात. नाण्याचे छायाचित्र पाठविताच ते ‘दुर्मीळ’ ठरते, बोली लागल्याचे कळविले जाते आणि मग नोंदणी शुल्क, कर, दलाली या नावांखाली घरमालकाकडूनच पैसे उकळले जातात. काही वेळा त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नाव आणि चिन्हही वापरले जाते.

या प्रकारांची दखल घेऊन ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत बँक पडत नाही, त्यासाठी शुल्क किंवा दलाली मागत नाही आणि तसे करण्याचा अधिकार तिने कोणासही दिलेला नाही, असे तिने स्पष्ट केले. नाणी जमविणे हा एक सुसंस्कृत छंद आहे आणि त्यांचा सचोटीचा व्यापारही आहे. परंतु जे नाणे अनेक घरांत आढळते त्याला लाखोंचे मोल येणार कोठून, एवढा साधा विचार तरी करावा. विकणाऱ्यालाच आधी पैसे भरावयास लावणारा लिलाव हा लिलाव नव्हे. येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. घरच्या वारशाने आलेले नाणे वेगळे आणि जमिनीत पुरलेले सापडलेले धन वेगळे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे असे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे.

बँकांचे लिलाव

शिक्षक व कारकून वर्गाला आकर्षण असते ते बँकांनी जप्त केलेल्या घरांच्या आणि वाहनांच्या लिलावाचे. हे लिलाव खरे असतात आणि आता ते संगणकाद्वारेच होतात. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या अशा मालमत्तांसाठी जानेवारी २०२५ मध्ये ‘बँकनेट’ हे संकेतस्थळ सुरू झाले. २००२ च्या सरफेसी कायद्याखालील नियमांप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या लिलावाची जाहीर सूचना द्यावी लागते. बोली जिंकणाऱ्यास अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढील दिवशी भरावी लागते. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून सर्वसाधारणपणे पंधरा दिवसांत भरावी लागते.

या खऱ्या लिलावांची नक्कल करून खोट्या सूचना फिरविल्या जातात. म्हणून सूचनेत दिलेल्या क्रमांकावर विसंबून न राहता संबंधित शाखेत स्वतः जावे आणि अनामत केवळ बँकेच्या खात्यात भरावी. कोणा ‘अधिकाऱ्याच्या’ व्यक्तिगत खात्यात कदापि भरू नये. शिवाय लिलाव खरा असला तरी माल ‘जसा आहे तसा, जेथे आहे तेथे’ या अटीवर विकला जातो. घरात भाडेकरू आहे काय, घरपट्टी थकली आहे काय, वाद न्यायालयात आहे काय, हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. वकिलाची फी वाचविणारा येथे घर गमावून बसतो.

वाहनाच्या बाबतीत तपासणी सोपी झाली आहे. क्रमांकावरून परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीत नोंदणी आणि बँकेचा बोजा पाहता येतो. नोंदणी हस्तांतराचे २९ आणि ३० क्रमांकांचे अर्ज, बोजा उतरल्याचा ३५ क्रमांकाचा अर्ज आणि वाहन दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीतील असल्यास ना-हरकत पत्र, एवढे हाती आल्यावाचून पैसे देऊ नयेत. जुना मोबाइल घेताना त्यावर तारा, चौकटचिन्ह, शून्य, सहा आणि पुन्हा चौकटचिन्ह दाबून जो पंधरा अंकी क्रमांक मिळतो, तो ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पडताळावा. चोरीचा म्हणून नोंदलेला मोबाइल तेथे ओळखता येतो.

शहाणी माणसे का फसतात?

ही सारी माहिती असूनही सुशिक्षित माणूस फसतो, याचे कारण लिलावाच्या स्वभावात आहे. १९७० साली जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. १९७१ साली अमेरिकेतील तीन तेल-अभियंत्यांनी ‘विजेत्याचा शाप’ म्हणून एक गोष्ट मांडली. लिलाव जिंकणारा हा बहुधा मालाचे मोल सर्वाधिक फुगवून धरणारा असतो, म्हणून जिंकणे हेच पुष्कळदा तोट्याचे लक्षण ठरते. त्यात पडद्यावर वेळ संपत आल्याचे आकडे पळत असतात. घाई ही विवेकाची वैरीण आहे, आणि ठकसेन तीच विकत असतो. बोली सुरू होण्यापूर्वी कमाल आकडा कागदावर लिहून ठेवणे आणि घरातील एका माणसाला सांगून ठेवणे, हा यावरील जुनाच पण रामबाण उपाय होय.

फसल्यानंतर

तरीही फसवणूक झालीच, तर पहिला तास अत्यंत मोलाचा असतो. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. तक्रार या यंत्रणेतून बँकांकडे जाते आणि पैसा ज्या खात्यांतून पुढे सरकत असतो, तेथे तो अडवून धरण्याचा प्रयत्न होतो. पैसा एकदा रोखीने निघाला, की हाती काही लागणे अवघड होते. गुन्हा परमुलखातल्या माणसाने केला असला तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. फसवणुकीस भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली सात वर्षांपर्यंत, आणि संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसविण्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. विक्रेता व्यापारी असेल, तर १९१५ ही ग्राहक मदतवाहिनी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्याच जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागण्याचा हक्क दिला आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथे शुल्कही नाही.

मात्र एक कटू सत्य विसरता कामा नये. आपल्या संमतीवाचून खात्यातून पैसे गेले असता, तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकाला संरक्षण देणारे नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिले. परंतु आपणच गुप्त अंक घालून पाठविलेल्या पैशाला ते संरक्षण सहसा लाभत नाही. विद्यार्थ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. लुटीचा पैसा फिरविण्यासाठी ठकांना इतरांची बँक खाती हवी असतात आणि थोड्या पैशांच्या आमिषाने ती ‘भाड्याने’ मागितली जातात. असे खाते देणारा विद्यार्थी गुन्ह्यात गुंततो आणि त्याच्या आयुष्याची घडी विसकटते.

सांधा बळकट हवा

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकींत नागरिकांनी २०२३ साली सुमारे ७ हजार ४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ साली हा आकडा सुमारे २२ हजार ८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिपटीने वाढणारे संकट हे व्यक्तींच्या भोळेपणाने स्पष्ट होत नाही. लाजेपोटी जे तक्रारच करीत नाहीत, त्यांची तर मोजदादही नाही. गावात हसे होईल या भयाने गप्प बसणारा शिक्षक नकळत ठकसेनाचाच बचाव करतो आणि शेजाऱ्याला त्याच खड्ड्याकडे जाऊ देतो.

किल्लारीला या बाबतीत कोणी धडा शिकवावा असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे येथे जे घडले, त्यातून बांधकामाचे एक सत्य साऱ्या देशाने शिकून घेतले. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती आणि वरची जड माळवदे पिढ्यान्‌पिढ्या भक्कम वाटत आली होती. परंतु दगडांना जोडणारा सांधा केवळ मातीचा होता. धक्का बसताच भिंती फुटल्या आणि हजारो माणसे गाडली गेली. जाडी म्हणजे बळकटी नव्हे, बळकटी सांध्यात असते, हे त्या पहाटे कळले. तेव्हा कोणी मृतांना ‘तुम्ही नीट घरे का बांधली नाहीत’, असे विचारले नाही. नव्या घरांना भूकंपरोधक पट्टे घातले गेले, नियम झाले, गवंड्यांना शिकविण्यात आले.

पडद्यावरच्या बाजारातही सांधा मातीचाच आहे. तो पक्का करणे हे केवळ खरेदीदाराचे काम नाही. अनोळखी विक्रेत्याची खरी ओळख पटविणे, माल पोचेपर्यंत पैसा मध्ये थांबविणे आणि संशयास्पद जाहिरात तत्काळ काढून टाकणे, ही बंधने बाजार चालविणाऱ्या कंपन्यांवर आलीच पाहिजेत. खोट्या नावांनी खाती उघडू देणाऱ्या बँकांनाही जाब विचारला गेला पाहिजे. रुमालाखालची बोली शेतकरी हुशार झाला म्हणून थांबली नाही. कायद्याने तो रुमाल ओढून काढला म्हणून थांबली. आजच्या ठकसेनाच्या हातावरचा रुमाल ओढण्याचे काम शासनाला करावे लागेल.

तोवर प्रत्येकाने एवढे तरी करावे : माल पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत, चौकटीबाहेरचा निरोप मानू नये, घाई करणाऱ्याला नकार द्यावा आणि फसल्यास तासाभरात बोलावे. शाळेच्या वर्गात, कचेरीच्या मधल्या सुटीत आणि ग्रामसभेत याची उघड चर्चा व्हावी. म्हैस पाण्याबाहेर येऊन चार पावले चालेपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही. आपल्या वाडवडिलांनी तेच केले होते.